मनगटावरचे घड्याळ रक्तदाब खरोखर मोजते का?

इंदूरच्या नेहरू पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या दिवाळीनंतर एक नवा विषय शिरला: आज कोणाच्या घड्याळाने किती बीपी दाखवले. रामबागेत आमच्या शेजारी राहणारे एक काका अकरा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांना मुलाने बेंगळुरूहून असे घड्याळ पाठवले. घड्याळ रोज ११८/७६, १२०/७८ असे आकडे दाखवी. तीन आठवडे ते पाहून काकांनी बीपी ताळ्यावर आल्याचे ठरवले आणि कोणालाही न विचारता गोळी एक दिवसाआड केली. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तेव्हा तो १६८/९८ निघाला आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. संध्याकाळी काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘अरे, तू मोजमापाची यंत्रं शिकवतोस ना, मग सांग, खोटं कोण बोलतंय, त्यांचं मशीन की माझं घड्याळ?’’

हा प्रश्न आज घरोघरी आहे. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, मान्यता न घेतलेली घड्याळे, अंगठ्या आणि मनगटपट्ट्या रक्तदाब मोजण्यासाठी वापरू नयेत, असा जाहीर इशारा दिला, आणि त्याच वर्षी तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पट्ट्याविना चालणाऱ्या साधनांवर सध्या विसंबू नये असे सांगितले. हा सल्ला का दिला गेला, हे समजायला दोन्ही यंत्रे आतून काय करतात ते पाहावे लागते.

१२० हा आकडा कशाचा?

आपल्या गावात नर्मदेचे पाणी जलूदहून पंपाने वर चढवून आणावे लागते, त्यामुळे पाण्याचा दाब म्हणजे काय हे इंदूरकराला वेगळे शिकवावे लागत नाही. तळमजल्याच्या नळाला धार जोरात येते, दुसऱ्या मजल्यावर ती बारीक होते, आणि पंप चालू असताना व बंद झाल्यावर नळीतला जोर बदलतो. हृदय हाही पंपच आहे. ते आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा सर्वांत जास्त दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये उरणारा सर्वांत कमी दाब म्हणजे खालचा आकडा.

हा दाब मिलिमीटर पाऱ्यात सांगतात. वरचा आकडा १२० म्हणजे तो दाब नळीतला पारा १२० मिलिमीटर उंच उचलून धरू शकतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने पाऱ्याऐवजी पाणी वापरले तर तोच स्तंभ सुमारे १.६ मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढा होईल. स्टीव्हन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची लांब नळी जोडली तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले. त्याचा हा वृत्तांत १७३३ साली प्रसिद्ध झाला. रोज प्रत्येकाच्या धमनीत नळी घालता येत नाही, म्हणून बाहेरून मोजण्याची युक्ती शोधावी लागली.

पट्टा नेमके काय करतो?

१८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी ही युक्ती काढली. अंगणात झाडांना पाणी घालण्याची रबरी नळी घ्या आणि पाणी थांबेपर्यंत ती मुठीने दाबा. पाणी ज्या क्षणी थांबते, त्या क्षणी मुठीचा जोर आतल्या दाबाएवढा झालेला असतो. दंडावरचा पट्टा ही ती मूठ आहे. त्यात हवा भरत नेली की धमनी मिटते, हळूहळू हवा सोडली की रक्त पुन्हा वाहू लागते, आणि पट्ट्यात त्या क्षणी किती हवेचा दाब आहे हे पाऱ्याच्या स्तंभावर सरळ वाचता येते. रिव्हा-रोचींच्या पद्धतीत नाडी चाचपावी लागे आणि फक्त वरचा आकडा मिळे. १९०५ साली रशियात कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोप लावून ठोक्यांचे आवाज ऐकायला सुरुवात केली आणि खालचा आकडाही हाती आला.

घरातल्या विजेच्या यंत्रात कान नसतो. पट्टा सैल होताना नाडीच्या प्रत्येक धक्क्याने त्यातली हवा किंचित थरथरते, ती थरथर यंत्र टिपते. थरथर जिथे सर्वांत मोठी, तिथे पट्ट्याचा दाब धमनीतल्या सरासरी दाबाएवढा असतो, आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा कंपनीच्या सूत्राने काढला जातो. म्हणजे इथेही थोडे गणित आहेच, आणि ते लपवायचे कारण नाही. तरीही पट्ट्याच्या आत खरा दाब असतो, तो धमनीला खरोखर भिडतो, आणि यंत्रातला दाबमापक तोच दाब वाचतो.

घड्याळ काय पाहते?

पट्ट्याविना चालणाऱ्या घड्याळात धमनीला दाबणारे काहीच नसते. त्याच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो, काही रक्तात शोषला जातो, काही परत येतो. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त थोडे वाढते आणि परतणारा उजेड थोडा कमी होतो. यातून नाडीच्या लाटेचे एक चित्र तयार होते. त्या लाटेचा आकार, आणि काही उपकरणांत हृदयापासून मनगटापर्यंत पोचायला तिला लागणारा वेळ, यांवरून रक्तदाबाचा अंदाज बांधतात.

या अंदाजामागे खरे विज्ञान आहे. कपडे वाळत घालायची दोरी सैल असताना एका टोकाला झटका दिला तर तो रेंगाळत पलीकडे जातो. दोरी ताणून बांधली की तोच झटका झरकन पोचतो. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि लाट वेगाने धावते. अडचण अशी की दोरी ताठ असण्याची कारणे एकाहून अधिक असतात. वयाबरोबर धमन्या कडक होतात, आणि तिथे दाब तेवढाच असूनही लाट वेगाने पोचते. डिसेंबरातल्या पहाटे बोटे गारठली की कातडीतल्या बारीक वाहिन्या आक्रसतात आणि लाटेचा आकार बदलतो. पट्टी सैल बसली, हात हलला, घाम आला, तरी बदलतो. सावळ्या कातडीत हिरवा उजेड अधिक शोषला जातो आणि संकेत क्षीण मिळतो, ही गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. घड्याळाला दिसते ती लाट, दाब दिसत नाही; त्यामुळे लाट कशामुळे बदलली हे त्याला ठामपणे ओळखता येत नाही.

म्हणूनच अशा पुष्कळ घड्याळांना सुरुवातीला पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. या जुळवणीला कॅलिब्रेशन म्हणतात: आज तुमचे बीपी अमुक आहे, आणि ही तुमची आजची लाट, असे घड्याळाला शिकवायचे, मग पुढे त्याने फरकाचा अंदाज करायचा. दक्षिण कोरियात २०२० साली मान्यता मिळालेल्या सॅमसंगच्या घड्याळाला ही जुळवणी दर २८ दिवसांनी पुन्हा लागते. पट्टा सोडवण्यासाठी घेतलेले घड्याळ पट्ट्याच्या यंत्रावाचून सुरूच होत नाही. काही स्वस्त घड्याळे जुळवणी मागतच नाहीत, आणि त्यांतली काही वय, उंची, वजन विचारून थेट आकडा दाखवतात. त्यांच्याबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण माणसाचे वय आणि वजन कळले की सर्वसाधारण रक्तदाब सांगता येतो आणि तो पुष्कळांच्या बाबतीत पटण्यासारखाही असतो.

‘‘पण माझा आकडा पट्ट्याशी जुळतो!’’

काकांचाही हाच युक्तिवाद होता, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. घड्याळ आल्यावर मुलाने फोनवरून सांगितले तसे त्यांनी ओळखीच्या औषधवाल्याकडच्या यंत्राने जुळवणी केली. त्या दिवशी गोळी घेतलेली होती आणि आकडा १२०च्या आसपास होता. पुढचे तीन आठवडे घड्याळाने तोच आकडा इकडेतिकडे करून दाखवला.

इंदुरात मे महिन्यात एखादा माणूस रोज सकाळी ‘आज कमाल तापमान चाळीस’ असे सांगत राहिला, तर बहुतेक दिवशी तो एक-दोन अंशांनीच चुकेल. महिन्याची सरासरी चूक काढली तर ती फार थोडी येईल. म्हणून त्याच्याकडे तापमापक आहे असे कोणी म्हणणार नाही. वादळी पाऊस होऊन पारा अचानक खाली आला, त्या दिवशी त्याने काय सांगितले, हे पाहावे लागेल. रक्तदाबाचेही तसेच आहे. जुळवणीनंतर स्वस्थ बसलेल्या माणसाचा दाब फारसा बदलत नाही, आणि अशा वेळी जुना आकडा पुन्हा सांगणारे यंत्रही अचूक भासते. जो दिवस महत्त्वाचा असतो, म्हणजे गोळी चुकली, औषध बदलले, दुखणे आले, त्या दिवशी ते पाठ केलेल्या आकड्याजवळ रेंगाळते. काकांची गोळी कमी झाल्यावर दाब चढत गेला, आणि घड्याळ जुळवणीच्या दिवशीचाच आकडा सांगत राहिले.

पट्ट्याच्या यंत्रांसाठी ठरलेली आंतरराष्ट्रीय कसोटी किमान ८५ माणसांवर घेतली जाते. तीत सरासरी चूक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चुकांचा पसारा ८ मिलिमीटरच्या आत असावा, अशी अट आहे. पसारा स्वतंत्रपणे पाहण्याचे कारण साधे आहे: निम्म्या लोकांना १५ने जास्त आणि निम्म्यांना १५ने कमी दाखवणाऱ्या यंत्राची सरासरी चूक शून्य येते. तेव्हा एखाद्या जाहिरातीत ‘सरासरी चूक अवघी २ मिलिमीटर’ असे लिहिले असेल तर त्यावरून आपल्याला स्वतःबद्दल काहीच कळत नाही. शिवाय ही कसोटी स्वस्थ बसलेल्या माणसावर घेतलेली असते, आणि जुळवणी लागणाऱ्या यंत्राची खरी परीक्षा तिथे होतच नाही. म्हणून युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२३ साली पट्ट्याविना चालणाऱ्या यंत्रांसाठी वेगळ्या चाचण्या सुचवल्या: हात वर-खाली केल्यावर, औषध सुरू करण्याआधी आणि नंतर, जागेपणी आणि झोपेत, व्यायाम करताना, आणि पुढची जुळवणी करायची वेळ आलेली असताना. या सगळ्यांतून जाणारे यंत्र बदल खरोखर ओळखते असे म्हणता येईल.

न मोजता दाखवलेल्या आकड्याने काय होते याचा एक पुरावा आपल्यासमोर आहे. फोन छातीला टेकवून कॅमेऱ्यावर बोट ठेवले की रक्तदाब सांगणारे एक ॲप अमेरिकेत फार खपले होते. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्याची तपासणी करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, अशा दहांपैकी जवळजवळ आठांना ॲपने तो ठीक असल्याचे सांगितले. पुढे त्या कंपनीवर तिथल्या संघीय व्यापार आयोगाने कारवाईही केली.

‘‘पट्टाही चुकतोच की’’

होय, चुकतो, आणि ही तक्रार मी मनापासून मान्य करतो, कारण पट्ट्याच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण ती पुरेशी मांडत नाहीत. फरक इतकाच की पट्ट्याच्या चुकांची कारणे माहीत आहेत आणि ती बहुतांशी आपल्या हातात आहेत.

पट्ट्याचा आकार हे पहिले कारण. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला की वरचा आकडा वाढून येतो. जॉन्स हॉपकिन्समधल्याच एका अभ्यासात ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांच्या बाबतीत ही वाढ सरासरी सुमारे ५ मिलिमीटर निघाली आणि ज्यांना त्याहून मोठा लागत होता त्यांच्यात सुमारे २०. पुष्कळ यंत्रांसोबत मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो, आणि दंडाचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजून मगच यंत्र घेणारा ग्राहक मला क्वचितच भेटला आहे.

हाताची उंची हे दुसरे. वरच्या मजल्यावर नळाची धार बारीक होते तोच नियम इथेही लागू होतो: मोजण्याची जागा हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल तर आकडा साधारण ७ ते ८ मिलिमीटरने वाढतो, वर असेल तर तेवढाच घटतो. हात मांडीवर ठेवला किंवा बाजूला लोंबता सोडला की वरचा आकडा सरासरी ४ ते ६.५ मिलिमीटरने जास्त येतो, हेही मोजून पाहिलेले आहे. हाच नियम मनगटावरच्या साधनाला अधिक जाचक होतो, कारण दंड हृदयाजवळ असतो आणि मनगट दिवसभर कुठेही फिरते. उभे राहून हात खाली सोडला तर मनगट हृदयापेक्षा ४० सेंटीमीटर खाली जाऊ शकते, आणि तेवढ्याने मनगटातला खरा दाबच सुमारे ३० मिलिमीटरने वाढलेला असतो.

बाकी कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि तरीही रोज घडतात: मोजताना बोलणे, पाय एकमेकांवर टाकणे, लघवी तुंबलेली असणे, बाहीवरूनच पट्टा गुंडाळणे, जिना चढून आल्या आल्या हात पुढे करणे.

‘‘घड्याळ दिवसभर मोजते, पट्टा एकदाच’’

या आक्षेपात तथ्य आहे, आणि संशोधक या तंत्राच्या मागे लागले आहेत तेही याचसाठी. रक्तदाब दिवसभर बदलतो आणि बहुतेकांचा रात्री १० ते २० टक्के उतरतो. ज्यांचा उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो. काहींचा दाब दवाखान्यातच चढतो, काहींचा तिथे ठीक दिसतो आणि घरी चढलेला असतो. झोपमोड न करता रात्रभर खरा रक्तदाब सांगणारे साधन निघाले तर ती मोठीच सोय होईल. आज यासाठी २४ तास दंडाला बांधून ठेवायचे यंत्र मिळते. ते रात्री वेळोवेळी फुगते, झोप बिघडते, पण ते खरा दाब मोजते.

मात्र पुष्कळ वेळा मोजले म्हणून चूक आपोआप पुसली जात नाही. तराजूच्या एका पारड्याखाली मेण चिकटलेले असेल तर शंभर वेळा तोलूनही वजन तेवढेच चुकेल. इकडेतिकडे पडणाऱ्या चुका सरासरीत एकमेकींना खोडतात, एकाच बाजूला झुकलेली चूक खोडली जात नाही.

‘‘मग काही घड्याळांना मान्यता कशी मिळाली?’’

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात. पहिली, ज्याच्या पट्टीतच हवा भरणारी पिशवी असते असे घड्याळ. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेले ओमरॉनचे घड्याळ या प्रकारचे आहे. ते मनगटावरचे पट्टायंत्रच आहे आणि त्याला पट्ट्याविना म्हणणे चूक. दुसरी, आकडा न सांगता फक्त इशारा देणारी. ॲपलच्या घड्याळाला सप्टेंबर २०२५मध्ये अशी मान्यता मिळाली. ते ३० दिवसांच्या नोंदी पाहून ‘उच्च रक्तदाबाची शक्यता दिसते, तपासून घ्या’ एवढेच सांगते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत उच्च रक्तदाब असलेल्या दहांपैकी साधारण चारांनाच त्याने ओळखले. खोटे इशारे मात्र थोडे होते. म्हणून इशारा आला तर तो गंभीरपणे घ्यावा, आणि न आल्यास निश्चिंत होऊ नये. तिसरी, आकडा दाखवणारी, पण ‘हे केवळ आरोग्यभानासाठी’ असे सांगून वैद्यकीय मान्यतेची अट टाळणारी. याच कारणावरून अमेरिकी प्रशासनाने जुलै २०२५मध्ये व्हूप या कंपनीला इशारापत्र पाठवले. रक्तदाबाचा आकडा दाखवणे हेच निदानाचे काम आहे, असे प्रशासनाचे म्हणणे होते, आणि ते मला योग्य वाटते. आकडा पाहिल्यावर माणूस गोळीचा विचार करतो, खोक्यावरची बारीक अक्षरे त्याला आठवत नाहीत.

आपल्या देशात याचे मोल अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आहे, म्हणजे सुमारे ३१.५ कोटी माणसे. या दुखण्याला बहुधा काहीच लक्षण नसते, त्यामुळे माणसाला सावध करणारी गोष्ट आकडा हीच. तोच दिलासा देणारा आणि चुकीचा असला, तर सावध करायला दुसरे काही उरत नाही.

घरी कसे मोजावे?

दंडाला बांधायचे, प्रमाणित चाचणीतून गेलेले यंत्र घ्यावे आणि पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे निवडावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, उघडा दंड टेबलावर हृदयाच्या उंचीला टेकवावा, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस करून पहिला दिवस सोडावा आणि बाकीच्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वाढलेली समजतात. दवाखान्यासाठी आपल्याकडे १४०/९० ही रेघ आहे. नाडी अनियमित असेल तर पट्ट्याचे विजेचे यंत्रही गोंधळते, म्हणून तेव्हा अधिक वेळा मोजावे आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नाडीची अनियमितता टिपण्यात मात्र काही घड्याळे खरोखर उपयोगी ठरली आहेत. औषध वाढवणे, कमी करणे किंवा बंद करणे घड्याळाच्या आकड्यावर कधीही ठरवू नये.

काकांना मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडचे यंत्र घेऊन गेलो, काकूंच्या शिवणाच्या डब्यातल्या टेपने त्यांचा दंड मोजला, तर घेर ३५ भरला. म्हणजे ओळखीच्या औषधवाल्याकडचा पट्टाही त्यांना लहानच पडत असणार. मोठा पट्टा मागवला. गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा रोज सुरू झाली. आता काकू शाळेच्या जुन्या दुरेघी वहीत तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे लिहितात, आणि मोजताना काका बोलू लागले की पट्टा सोडवून पाच मिनिटे पुन्हा बसवतात. मोतीबिंदूची नवी तारीख मिळाली आहे, आणि डॉक्टरांनी ती वही सोबत आणायला सांगितली आहे.